दहा मिनिटं हल्ला नाही

छुसॉकच्या सकाळी, म्हणजे कोरियातल्या सुगीच्या सणाला, पितरांना जेवू घालून झालं, त्यांचं उरलेलं माणसांनी खाल्लं, आणि ओट्यावरचं तेल पुसता पुसता यन-जू म्हणाली, "पुढच्या वेळेपासून हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

म्हणाली हळूच, पण बाहेर सोजू दारूचे पेले घेऊन बसलेल्या तिच्या दोन्ही दिरांनी पेले खाली ठेवले.

थोरल्या घरची सून म्हणून चोवीस वर्षं ती हे करत आली होती. सासरे, सासूबाई, आजेसासरे, आजेसासूबाई, वर्षाचे दोन मोठे सण, आणि गेल्या पाच वर्षांपासून तिचा स्वतःचा नवरा दोक-सू. दिवस ज्याचा त्याचा वेगळा, तळण मात्र तेच. भोपळ्याच्या आणि माशाच्या चकत्या पिठात घोळवायच्या, अंड्यात बुडवायच्या आणि तवा जमिनीवर मांडून, मांडी घालून, दुपारपासून तळत बसायचं. मेलेल्या माणसांची भूक काही कमी होत नाही. यन-जूचे गुडघे मात्र कामातून गेले होते. तिचं कपडे उसवून-शिवून द्यायचं छोटं दुकान होतं, तिथेही ती आता पायाची शिलाई मशीन सोडून विजेच्या मशीनवर आली होती.

"मग आता कुणाकडे?" बोमने विचारलं. हा धाकटा, गोदीत क्रेन चालवणारा. उत्तरही त्यानेच दिलं. "तुझ्याकडे. मधला तूच ना?"

"तुझं घर मोठं आहे," तेक-ग्यू म्हणाला. हा मधला. विमा विकायचा, त्यामुळे बोलायला गोड.

"घर मोठं आहे, पण बायको तापट आहे."

"माझीचं काय सांगू? श्राद्धाचं नाव काढलं की कपाळ धरून बसते. आज पहिल्याच बसने माहेरी पळालीय."

बोमची बायको नर्स होती. सणाच्या दिवशी तिची नेमकी ड्यूटी लागायची, दर सणाला लागायची. यावर घरात कुणी काही बोलत नसे.

 मग तेक-ग्यूने मांडीवर थाप मारली. "खेळून ठरवू. पूर्वीसारखं. जो हरेल त्याच्या घरी पितर जेवतील."

आता हे 'पूर्वीसारखं' म्हणजे काय, ते सांगायला हवं. देशाचा पैसा बुडाला त्या वर्षी दोक-सूची कारखान्यातली नोकरी गेली, आणि नोकरी गेलेल्या निम्म्या मासान शहराने जे केलं तेच त्याने केलं. पीसी-बांग काढलं. एक अंधारा हॉल, ओळीने मांडलेले संगणक, तासाचं भाडं, आणि काउंटरवर नवी कोरी बायको. खेळ एकच. त्या काळी अख्खा देश तो एकच खेळ खेळत होता, त्याचं नाव काय सांगायचं! कामगार लावून खनिज खणायचं, छावण्या बांधायच्या, सैनिक काढायचे, आणि दुसऱ्याचा तळ जाळून टाकायचा. सायकल कुणी घ्यायची, वडिलांपाशी दवाखान्यात रात्री कुणी राहायचं, या घरातले सगळे तंटे या भावांनी त्या खेळावर सोडवले होते.

आणि खेळाआधी करार व्हायचा. दहा मिनिटं हल्ला नाही. हा करार त्या काळी देशभर चालायचा, लिहून कुणी घेत नसे आणि मोडला तर मोडणाऱ्याशी पुन्हा कुणी खेळत नसे. दहा मिनिटं प्रत्येकाने आपापलं घर बांधायचं, मग काय मारामाऱ्या करायच्या त्या करा. दोक-सूच्या हॉलमध्ये ही दहा मिनिटं मोजायचं काम यन-जूचं. काउंटरमागे भिंतीवर मोठं घड्याळ होतं. त्याच्याकडे एक डोळा ठेवून ती नूडल्सना पाणी घालायची आणि वेळ झाली की तिथूनच ओरडायची, "झाली रे दहा!" मग सगळ्या हॉलभर एकदम माऊस खडखडायला लागायचे.

तर हे दोघे बूट घालायला उठले, आणि यन-जू हात पुसत बाहेर आली.

"थांबा. खेळणार तुम्ही, हरणार तुम्ही, आणि तेल उडणार कुणाच्या हातावर?"

दोघांनी बुटांकडे पाहिलं.

"जी हरणार ती खेळायला नाहीच. हा कुठला न्याय? मी खेळते. तुम्ही दोघे एका बाजूला, मी एकटी. मी हरले तर मरेपर्यंत तळीन आणि गुडघ्याचा ग सुद्धा काढणार नाही. जिंकले, तर ज्यांचे पितर त्यांनी तळायचं. बायकांनी नाही. तुम्ही, तुमच्या हातांनी."

बोम फसकन हसला. "वहिनी, तुम्ही कधी माऊस तरी धरलाय का? नूडल्स बनवण्याची स्पर्धा नाही ही."

"आणि समजा आम्ही नाही केलं," तेक-ग्यूने सावधपणे विचारलं. विमा विकणारा माणूस, अटी आधी बघणार. "मग?"

"मग नाही होणार. मेलेले उपाशी राहतील."

बोलून तर गेली, पण मग तिने मनात हिशेब मांडला. यापुढचं पहिलं श्राद्ध दोक-सूचंच होतं, दोन महिन्यांवर आलेलं. मूलबाळ नव्हतं. ती जिंकली आणि या दोघांनी अंग काढून घेतलं, तर उपाशी राहणारा पहिला तोच. आणि हे दोघे अंग काढून घेण्यात किती तरबेज आहेत ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण शब्द गेला होता. तिने कोट चढवला.

दिरांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ती यन-जूने सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलीच नव्हती.

दोक-सू गेल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिने कपाटातून त्या खेळाची तबकडी काढली होती. हॉल कधीच बंद पडला होता, पण एक संगणक त्याने आठवण म्हणून घरी ठेवला होता. तो सुरू झाला नाही. नुसता घुर्र करून थांबला. मग दुकान बंद असायचं त्या मंगळवारी दुपारी ती तबकडी पर्समध्ये घालून स्टेशनसमोरच्या नव्या पीसी-बांगमध्ये गेली. तिथल्या खुर्च्या दाताच्या दवाखान्यातल्यासारख्या, आणि संगणकाला तबकडी घालायला फटच नाही. तिने चारही बाजूंनी हात फिरवून पाहिलं. मालक सभ्य होता, हसला नाही. "तबकडी नको आता मावशी, खेळ आतच आहे," म्हणाला, आणि लावून दिला.

पडदा हातभर रुंद. मधोमध तो जुना चौकोनी खेळ आणि दोन्ही कडांना काळे पट्टे. पण कामगार तेच, खण खण आवाज तोच. यन-जूला एकदम रडू फुटलं. शेजारचा पोरगा कान झाकून दुसऱ्याच कुठल्या युद्धात होता, म्हणून निभावलं.

त्यानंतर एकही मंगळवार तिने चुकवला नाही. सुरुवातीला ती दोक-सूसारखी खेळायची. दोक-सू म्हणजे भिंती. भिंती, बुरूज, पुन्हा भिंती. आपणहून कुणावर कधी चालून गेला नाही. दुसरा येईल, मग बघू. दुसरा यायचाच, आणि दोक-सू हरायचा, आणि हरवणाऱ्याला फुकट नूडल्स द्यायचा. काउंटरवरून ती चिडायची. "अहो, जा ना कधीतरी पुढे! दार लावून किती दिवस बसणार?" तो म्हणायचा, "थांब गं. घाई काय आहे?" बावन्नाव्या वर्षी गेला, तेव्हा मात्र घाई केली.

दोन वर्षं भिंती बांधून झाल्यावर तिला कंटाळा आला आणि ती पुढे जायला लागली. जमायला लागलं. आणि एका मंगळवारी तिच्या ध्यानात आली एक गंमत. खेळाच्या नव्या आवृत्तीत कोपऱ्यात घड्याळ आलं होतं, जुन्या खेळात ते नव्हतं. तिने नूडल्सच्या पेल्यात पाणी ओतलं, त्या घड्याळावर चार मिनिटं होऊ दिली आणि झाकण काढलं. नूडल्स कच्च्या. दुसऱ्या वेळी पुन्हा कच्च्या. इतक्या वर्षांत तिच्या हातून नूडल्स कधी कच्च्या राहिल्या नव्हत्या. तेव्हा तिने भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. खेळ सगळ्यात जलद वेगावर ठेवला की ते कोपऱ्यातलं घड्याळही त्याच्याबरोबर पळायचं. त्याची दहा मिनिटं म्हणजे माणसांची सात, वर थोडी. आणि या देशात तो खेळ दुसऱ्या कुठल्या वेगाने कुणी खेळल्याचं ऐकिवात नाही.

सणाचा दिवस असून स्टेशनसमोरचं पीसी-बांग भरलेलं होतं. घरच्यांना टाळायचं तर माणूस जाणार कुठे? मालकाने यन-जूला बघून मान लववली. दिरांना वाटलं, सगळ्यांनाच लववतो.

तिघे ओळीने बसले. तेक-ग्यूने चष्मा कपाळावर चढवला. "अरेच्चा, कसं चकचकीत झालंय सगळं! आणि हा माऊस बघ, गोळीच नाही आत. केवढा हलका! हात लावायच्या आधीच पळतोय."

"वहिनी," बोम वाकून म्हणाला, "ते छोटे छोटे दिसतायत ना, ते कामगार. त्यांना मारायचं नाही बरं का, ते आपलेच असतात."

"असं होय?" यन-जू म्हणाली. "बरं झालं सांगितलंत, भावजी."

"वेग सगळ्यात जलद," तेक-ग्यूने जाहीर केलं. "आणि करार नेहमीचा. दहा मिनिटं हल्ला नाही. अरे वा, बोम, बघ, घड्याळ आलंय आत! आता भांडणच नको. हे घड्याळ म्हणेल ते खरं."

यन-जूने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "याच घड्याळाने मोजायचं? नक्की?"

"नक्की."

"पुन्हा विचारते, भावजी. मागाहून कुरकुर नको."

"वहिनी, विमा कंपनीत आहे मी. एकदा बोललो म्हणजे बोललो."

दोघा भावांना बऱ्याच दिवसांनी मजा येत होती, हे कबूल करायला हवं. बोमने रश्शातल्या, तांदळाच्या तिखट कांड्या मागवल्या. तेक-ग्यूने एकामागून एक खाणी उघडल्या. करार होता, त्यामुळे पहारा ठेवायची गरज नव्हती. आधी संपत्ती, मग शेवटच्या दोन मिनिटांत सैन्य, हीच त्यांची वर्षानुवर्षांची रीत. "आठवतं का रे," तेक-ग्यू म्हणत होता, "दादा एकदा इतक्या भिंती बांधून बसला की त्याचेच सैनिक बाहेर पडेनात!" बोम तोंडात कांडी धरून हसला. यन-जूही हसली, पण हात थांबला नाही. तिने खाण एकच ठेवली होती. बाकी सगळ्या छावण्या. आणि तिचे सैनिक घरी बसले नव्हते. रांगेने निघून ते दिरांच्या तळाबाहेर, अंधारात, गुपचूप उभे राहिले होते. हल्ला नाही, असं ठरलं होतं. चालायचं नाही, असं कुठे ठरलं होतं?

कोपऱ्यातल्या घड्याळावर दहा मिनिटं भरली, आणि दिरांच्या खाणीत खण खण थांबून आरडाओरडा सुरू झाला.

"अहो वहिनी!" बोमच्या तोंडातली कांडी खाली पडली. "करार! करार आहे! दहा मिनिटं!"

"झाली."

"कशी झाली? आत्ता तर बसलोय!" तेक-ग्यूने मोबाइल काढला. "सात! सातच मिनिटं झालीयत!"

"वर बघा. तुमच्या घड्याळात."

तेक-ग्यूने वर बघितलं. चष्मा डोळ्यांवर ओढून पुन्हा बघितलं. तोवर त्याच्या दोन खाणी जळाल्या होत्या.

"पण तुम्ही ओरडला नाहीत!" बोम जवळजवळ रडकुंडीला आला. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या. "दहा झाली की तुम्ही ओरडता ना! आम्ही त्याचीच तर वाट बघत होतो!"

आणि तेच खरं होतं. घड्याळ नाकासमोर असून दोघांपैकी एकानेही त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं वेळ झाली की काउंटरवरून हाक यायची. हाक आली नाही म्हणजे वेळ झाली नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलेलं.

"आज मी काउंटरवर नाहीये, भावजी," यन-जू म्हणाली, आणि उरलेले सैनिक आत पाठवले.

फार वेळ लागला नाही. शेवटी तेक-ग्यूने रीतीप्रमाणे हार लिहून कळवली आणि खुर्चीत मागे रेलून बसला. चेहरा पडला होता. ज्याला लुबाडलं गेलं असं म्हणताही येत नाही त्याचा पडतो तसा.

"कुठे शिकलात?" त्याने विचारलं.

"मंगळवारी," यन-जू म्हणाली.

बाहेर आल्यावर कुणीच श्राद्धाचं बोललं नाही. बोमने गुडघ्यांना लावायला मलम घेऊन दिलं, तेक-ग्यूने टॅक्सी थांबवून दिली. जिंकून घरी आलेल्या बाईने चहा करून प्यायला आणि एकटीच बसून राहिली. आनंद झाला होता का? झाला होता. खोटं कशाला बोला? पण वाणसामानाच्या पिशवीत न मागितलेलं काही यावं तसं त्याच्याबरोबर दुसरंही काही आलं होतं. दोक-सूचा दिवस.

दोन महिने तिने फोन केला नाही. करायचा नाही, असं ठरवलं होतं. आठवण करून दिली, म्हणजे पुन्हा काउंटरवरून ओरडलंच की. त्या दिवशी सकाळी तिने दुकान उघडलं. एका पँटची उंची कमी केली, ती चुकून जास्त कमी झाली, पुन्हा उसवली. दुपार झाली. बाजारातून येणाऱ्या बायकांच्या पिशव्यांतून भोपळे दिसत होते, त्यांच्याकडे ती बघेना. मनात नवऱ्याशी भांडण चाललं होतं. राहा उपाशी. तुमचेच भाऊ आहेत. मी काय जन्मभर पुरणार आहे? आणि त्याच्यामागे दुसरं: दोन भोपळे आणले असते तर काय बिघडलं असतं, एकट्यापुरते, कुणाला न सांगता? तीन वाजता ती उठून कोट घालायला लागली, आणि फोन वाजला.

"वहिनी," तेक-ग्यू होता. मागे कुणीतरी खोकत होतं आणि काहीतरी जोरात चरचरत होतं. "भोपळ्याला आधी पीठ की आधी अंडं?"

यन-जू कोटाची एक बाही घालून तशीच उभी राहिली.

"वहिनी? ऐकू येतंय ना? बोम म्हणतो आधी अंडं. अंड्यावर पीठ लावलं, तर सगळा चिखल झालाय."

"आधी पीठ," ती म्हणाली.  "मग अंडं. आणि आच कमी करा."

"आच कमी कर रे, माकडा!" तेक-ग्यू तिकडे ओरडला. मग म्हणाला, "सहाला या. आणि येताना काही आणायचं नाही, कळलं? हार ती हार."

ती गेली ती रिकाम्या हातांनी. बसमध्ये त्या हातांचं काय करावं ते तिला समजेना.

तेक-ग्यूच्या घरात धूर कोंडला होता. त्याची बायको खोलीत टीव्ही बघत होती, आणि यन-जूला बघून तिने न बोलता शेजारची उशी थोपटली. बोमच्या मनगटावर तेलाचा टपोरा फोड आला होता आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होता. टेबल मांडलं होतं. मासा उलट्या दिशेला तोंड करून होता, पूर्वेला हवी ती लाल फळं पश्चिमेला गेली होती, आणि चकत्यांचा ढीग बराचसा काळा होता. यन-जूचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते मागे घेतले आणि बगलेत दाबून धरले. हे तळण्याहून अवघड आहे, असं तिला वाटलं.

"तुम्ही पुढे या, वहिनी," तेक-ग्यू म्हणाला.

"मी?"

"मग कोण? दादा तुमचा ना?"

ती टेबलासमोर आली, आणि तिच्या लक्षात आलं की समोरून हे टेबल तिने कधी पाहिलेलंच नाही. पुरुष आत नमस्कार करत, तेव्हा ती स्वयंपाकघरात पुढचं वाढायच्या गडबडीत. सगळं तिनेच केलेलं, पण पाहिलेलं नेहमी दाराच्या फटीतून, बाजूने. मधोमध दोक-सूचा फोटो होता. तो सरळ तिच्याकडे बघत होता. तिने वाकून नमस्कार केला. गुडघे कटकन वाजले. उठताना बोमने फोड आलेल्या हाताने तिला आधार दिला आणि स्वतःच "आई गं" म्हणाला.

मग भाताच्या वाटीचं झाकण काढलं, भातात चमचा उभा रोवला, आणि सगळे खोलीबाहेर येऊन दार ओढून उभे राहिले. मृताला निवांत जेवू द्यायचं असतं. नऊ घासांचा वेळ. मग घरातल्या मोठ्याने खाकरायचं आणि आत जायचं. इतकी वर्षं हा वेळ यन-जू आतल्या गॅसवर भाताची खरवड उकळण्यात घालवायची. आज ती दिरांच्या मधे, थंड पडवीत, नुसती उभी होती. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती.

नऊ घास झाले असतील. तेक-ग्यूने घसा साफ केला, खाकरायला तोंड उघडलं.

यन-जूने त्याच्या दंडावर हात ठेवला. "थांबा, भावजी. ते सावकाश जेवतात. आणि त्यात तुम्ही करपवलंय."

"किती थांबायचं?"

"दहा मिनिटं."

 बोमने खिशातून मोबाइल काढला, मग जरा घुटमळला.

"कुठल्या घड्याळाने, वहिनी?"

"भिंतीवरच्या," ती म्हणाली.

बोमने मोबाइल परत खिशात ठेवला. बंद दाराकडे तोंड करून तिघेही उभे राहिले, आणि वेळ झाल्याचं सांगायची कुणीच घाई केली नाही.